यादीतलं पंधरावं वाद्य

ज्या वस्तूचं नाव यादीत नाही, ती वस्तू खोलीत कितीही जागा अडवून उभी असली, येता-जाता तिचा कोपरा मांडीला कितीही लागला, तरी ती आहे असं म्हणता येत नाही. सामान्य माणसाला हे समजायला आयुष्य जातं. वाद्य मान्यता मंडळाला ते स्थापनेच्या दिवशीच समजलं, आणि त्याच दिवशी, दुपारच्या चहाच्या आत, मंडळाने जगातल्या सर्व वाद्यांची यादी पूर्ण केली. वाद्यं एकूण चौदा भरली. (पंधरावं लिहायला कोणाची हरकत नव्हती, पण कागद तिथे संपत होता, आणि दुसरा मागवायचा तर मागणीपत्र भरावं लागलं असतं.) इतक्या तत्परतेने काम करणारी संस्था विरळाच.

टेबलमास्तरांचं वाद्य या चौदांत नव्हतं. ते एका बागेतल्या हॉटेलात गेली एकोणीस वर्षं, आठवड्यातले सहा दिवस, संध्याकाळी पाच ते आठ पेडल स्टील गिटार वाजवत. नावात गिटार असलं तरी ही मांडीवर घ्यायची गिटार नव्हे. ती स्वतःच्या चार पायांवर उभी असते. वर दहा तारा, डाव्या हातात त्या तारांवरून सरकवायची लोखंडी कांडी, उजव्या हाताच्या बोटांत तारा छेडायच्या नख्या, पायांखाली पेडल, आणि गुडघ्यांच्या अल्याडपल्याड ढकलायच्या चार दांड्या. वाजवताना माणसाचे दोन्ही हात, दोन्ही पाय आणि दोन्ही गुडघे गुंतलेले असतात. (नाक तेवढं मोकळं राहतं, आणि ते नेमकं तेव्हाच खाजतं.)

एवढा खटाटोप डोळ्यांसमोर चालू असूनही गिऱ्हाइकांना ते टेबलच वाटे. म्हणून त्यांचं नाव टेबलमास्तर पडलं, आणि म्हणूनच एकोणीस वर्षांत त्यांच्या वाद्यावर ठेवल्या गेलेल्या कपांची संख्या अकराशेच्या घरात गेली. (बशा धरलेल्या नाहीत.) मास्तर कधी रागावत नसत. कप उचलून बाजूला ठेवत आणि पुढे वाजवत.

मग परिपत्रक आलं. 'येत्या तीन महिन्यांनंतर मान्यताप्राप्त वाद्याच्या प्रमाणपत्राखेरीज कोणासही सार्वजनिक ठिकाणी वादन करता येणार नाही. यादीत नसलेले वाद्य हे फर्निचर समजण्यात येईल व त्यावर फर्निचरास योग्य असे आच्छादन घालण्यात येईल.' हॉटेलचा मॅनेजर कायद्याला मान देणारा माणूस. त्याने त्याच संध्याकाळी, मास्तर वाजवत असतानाच, टेप घेऊन वाद्याचं माप घेतलं आणि टेबलक्लॉथ शिवायला टाकला. तो नेमका मास्तरांच्या बायकोकडेच आला, कारण हॉटेलचं सगळं शिवणकाम तीच करायची.

तिने चिठ्ठीवरचं माप वाचलं. चौतीस इंच बाय दहा. पायाचं मशीन चालवता चालवता तिने पाय थांबवले.

"अहो, हे तर आपलं माप आहे."

"हो."

"फर्निचर? रोज सकाळी मी फडक्याने एकेक तार पुसते, ती काय टेबलाची?"

मास्तर काही फार मागणारे नव्हते. पगार वाढवा म्हणून ते कधी बोलले नाहीत, की कपांबद्दल तक्रार केली नाही. पण आपण जे वाजवतो त्याचं नाव एकदा, एका कागदावर, शिक्क्यासकट लिहिलेलं असावं, एवढं त्यांना या वयात फार तीव्रतेने वाटू लागलं. दुसऱ्या दिवशी ते मंडळाच्या कार्यालयात गेले.

मंडळाचे सचिव अतिशय प्रेमळ होते. त्यांनी बसायला खुर्ची दिली. (खुर्ची यादीत होती, फर्निचरच्या.)

"घालू की यादीत. आमचं काय जातंय?" सचिव म्हणाले. "त्या वाद्यात कोणी परीक्षा पास झालंय का?"

"त्याची परीक्षाच नाही."

"नसणारच. यादीतल्या वाद्यांचीच परीक्षा असते."

"आणि यादीत कधी येतं?"

"कोणी परीक्षा पास झालं की. सोपं आहे हो."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. ते पाहून सचिवांनी कनवाळूपणे नियमावली उघडली आणि नियम नऊ दाखवला. 'एकाच उमेदवाराने चौदाही वाद्यांची प्रमाणपत्रे प्राप्त केल्यास त्यास पंधराव्या वाद्याच्या परीक्षेची मागणी करण्याचा हक्क राहील.' हा नियम संस्थापकांनी एका हसऱ्या क्षणी केलेला असावा, कारण समासात त्यांनी पेन्सिलीने एक हसरा चेहराही काढलेला होता. तो चेहरा अधिकृत धरायचा की नाही याबद्दल मंडळाने अजून निर्णय दिलेला नाही.

चौदा वाद्यं! माणसाला एक वाद्य धड येता येता केस पिकतात. पण घोडं अडलं की मेहुणा आठवतो, ही घराघरातली रीत आहे. मास्तरांचा मेहुणा रेडिओ आणि लाउडस्पीकर दुरुस्त करायचा, आणि त्याच्या दुकानात कोणत्याही संकटावर एक डबा असायचाच.

"दाजी, चौदा शिकायची कशाला? तुम्ही तुमचंच वाजवा," तो म्हणाला. "बाकीचं डबा बघेल."

त्याने वाद्याच्या दहा तारांखाली दहा बारीक कान बसवले. तार छेडली की कान सूर ओळखायचा आणि त्याचा आकडा करून वायरीतून डब्यात पाठवायचा. या आकड्यांच्या भाषेला मिडी म्हणतात. डब्यात एकशे अठ्ठावीस आवाज साठवलेले होते. ज्याचं बटण दाबाल त्या आवाजात तो आकडा बाहेर पडे. तार पेडल स्टीलची, बोटं मास्तरांची, आणि लाउडस्पीकरातून बासरी. मास्तरांची बायको दचकून उभी राहिली आणि स्वयंपाकघरात कोण शिरलंय ते पाहून आली.

"पण ही फसवणूक नाही का रे?" तिने भावाला विचारलं.

"ताई, नियम वाच." नियमावलीत व्याख्या स्वच्छ होती. 'वादन म्हणजे मान्यताप्राप्त वाद्याचा आवाज परीक्षकास ऐकू येणे.' कोण, कशावर, कशाने याबद्दल मंडळाने उगाच नाक खुपसलेलं नव्हतं.

परीक्षा पडद्याआडून होत असे. पूर्वी परीक्षकांना आपापले भाचे ओळखू येत, म्हणून मंडळाने परीक्षा-दालनाच्या मधोमध जाड काळा पडदा टाकला होता. उमेदवाराच्या बाजूला दुसरं कोणीही असायचं नाही, आणि परीक्षकाने पडद्याला हात लावायचा नाही. "तो मीच शिवलाय," मास्तरांची बायको म्हणाली. "दुहेरी कापड आहे. पलीकडे हत्ती बसला तरी दिसायचा नाही." पलीकडे बावीस वर्षं एकच परीक्षकबाई बसत. कानाच्या फार तिखट आणि कामाला अगदी चोख. हजारो वादक त्यांनी ऐकले होते आणि एकही पाहिला नव्हता.

पहिली परीक्षा बासरीची झाली. मास्तर मन लावून वाजवायला बसले, आणि अशी चूक करून बसले की जी खऱ्या बासरीवाल्याच्या हातून सात जन्मांत होणार नाही. ते श्वास घ्यायला विसरले. म्हणजे स्वतःचा घेत होते, पण बासरीचा घ्यायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही. चार मिनिटं सतरा सेकंद अखंड बासरी. परीक्षकबाईंनी शेरा लिहिला: 'दमसास अलौकिक. उमेदवाराने श्वास घेतल्याचे आढळून आले नाही.' शंभरपैकी चौऱ्याण्णव.

मंडळ चांगल्या गोष्टीची दखल घेतल्याशिवाय राहत नाही. आठवड्याच्या आत सुधारित निकष आला: बासरीच्या उमेदवारांना यापुढे श्वास ऐच्छिक राहील, घेतल्यास दर श्वासामागे अर्धा गुण वजा. पुढच्या परीक्षेला नऊ बासरीवाले बसले. तिघांना भोवळ आली, चौघे नापास झाले, एकाने उरलेल्या श्वासात राजीनामा दिला. नववा पास झाला, पण तो मुळात पाणबुड्या होता.

पियानोच्या परीक्षेत मास्तरांच्या डाव्या हाताची सवय आडवी आली. कांडी तारेवर उचलून ठेवायची नसते, ती सरकवायची असते. त्यामुळे त्यांचा पियानो एका सुरावरून दुसऱ्यावर उडी न मारता चालत गेला, मध्ये जरा रेंगाळलासुद्धा. परीक्षकबाईंनी लिहिलं, 'असा सुसंस्कृत पियानो प्रथमच.' झालं! शहरातल्या तमाम पियानोवाल्यांना आपला पियानो रानटी असल्याचा साक्षात्कार झाला. एकसष्ट तक्रारी पियानो दुरुस्त करणाऱ्याकडे आल्या. त्याने बिचाऱ्याने पट्ट्यांना साबण लावून पाहिला, तेल घालून पाहिलं, शेवटी पाटी लावली: 'येथे फक्त उड्या मारणारे पियानो दुरुस्त होतील.' पूर्वी नाचता येईना तर अंगण वाकडं म्हणत. आता अंगण सरळ असल्याबद्दल लोक माफी मागू लागले.

ट्रम्पेटच्या वेळी तर मास्तरांचा उजवा गुडघा दांडी ढकलता ढकलता डब्याला लागला आणि बटण बदललं. ट्रम्पेटच्या ऐन भरात टेलिफोन वाजू लागला. बाहेरच्या कारकुनाने धावत जाऊन कार्यालयातला फोन उचलला, चार वेळा हॅलो म्हटलं, आणि लाइन तुटली अशी नोंद केली. परीक्षकबाईंनी कार्यालयीन व्यत्ययाबद्दल उमेदवाराची लेखी क्षमा मागून दोन गुण वाढवून दिले. व्हायोलिनच्या वेळी जाड तारेचा सूर ओळखायला डब्याला क्षणभर वेळ लागे, त्यामुळे प्रत्येक सूर जरा मागाहून येई. शेरा: 'उमेदवार विचारपूर्वक वाजवतो.' क्लॅरिनेट, अ‍ॅकॉर्डियन, ऑर्गन, हार्प, ड्रम, सगळं पार पडलं. ड्रममध्ये मास्तरांनी कांडी जराशी हलवली तर ड्रमला कापरं भरलं. बाईंनी त्याला 'भावनाप्रधान' म्हटलं. दहा आठवड्यांत चौदा प्रमाणपत्रं. सरासरी ब्याण्णव. मंडळाच्या इतिहासात असा उमेदवार झाला नव्हता. (मंडळाचा इतिहास तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता, त्यातली पाच वर्षं वाळवीने खाल्लेली.)

इकडे मास्तरांच्या दारात रांग लागली. निकष बदलल्यामुळे खऱ्या बासरीवाल्यांना खऱ्या बासरीवर पास होणं अशक्य झालं होतं. "मास्तर, काहीही करा, पण आम्हाला आमचं वाद्य शिकवा," असं म्हणत पांढऱ्या केसांचे क्लॅरिनेटवाले रडकुंडीला आले. मास्तर मनाचे सरळ. ते म्हणायचे, "बसा. डावा पाय इथे. ही कांडी धरा." कोपऱ्यावरच्या सुताराने खाटा करायचं सोडून पेडल स्टील करायला घेतलं, मेहुण्याने डबे जोडायला. दोन महिन्यांत शहरात त्रेपन्न पेडल स्टील गिटार झाल्या. त्यातल्या एकवीस बासऱ्या होत्या, बारा पियानो, आणि बाकीचं किरकोळ. संध्याकाळी गल्लीतून जावं तर घराघरांत माणसं चार पायांच्या गिटारपुढे बसून गुडघे हलवताहेत, आणि खिडक्यांतून येतंय ते चौदा वाद्यांचं संगीत. ज्या वाद्यातून ते निघत होतं, ते मात्र कोणाच्या खिडकीतून ऐकू येत नव्हतं. मास्तरांनी एकदा एका शिष्याला सुचवून पाहिलं की वायर काढून जरा वाजव. तो म्हणाला, "वायर काढली तर वाजेल कसं?"

मंडळानेही काळाची पावलं ओळखली. उमेदवारांचे आवाज पडताळायला प्रमाण हवं, म्हणून सचिवांनी मेहुण्याकडूनच एक डबा घेऊन परीक्षकबाईंच्या टेबलावर ठेवला आणि गुणपत्रिकेत सातवा रकाना वाढवला: 'डब्यातील क्रमांक.' उमेदवाराचा आवाज डब्यातल्या ज्या क्रमांकाशी जुळेल तो तिथे लिहायचा. रकाना रिकामा राहिल्यास निकाल बाद.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मास्तर नियम नऊखाली पंधराव्या परीक्षेला बसले. बायको सोबत आली होती. मेहुणाही दाराबाहेर उभा राहिला. मास्तरांनी वाद्य लावलं, खुर्ची पुढे ओढली, आणि दहा तारांखालच्या दहा कानांची वायर उपटून काढली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच. मग त्यांनी वाजवलं. (इतिवृत्तात नोंद आहे: 'उमेदवाराने नऊ मिनिटे वाजवले.')

पडद्यापलीकडे पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"हे काय होतं?" परीक्षकबाईंनी विचारलं. परीक्षकाने उमेदवाराशी बोलणं नियमबाह्य होतं.

"माझं वाद्य, बाई."

"कशासारखं म्हणू?"

"याच्यासारखंच म्हणावं लागेल."

"पुन्हा वाजवाल?"

मास्तरांनी पुन्हा वाजवलं. मधेच पडदा सरकला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच परीक्षकबाई पलीकडून अलीकडे आल्या, आणि वाद्याकडे, मास्तरांच्या पायांकडे, गुडघ्यांकडे, कांडीकडे बघत उभ्या राहिल्या. वाजवून झालं तेव्हा मास्तरांना रडू आलं, आणि ते रडले. बाईंनी तिथेच गुणपत्रिका गुडघ्यावर घेऊन शंभरपैकी शंभर लिहिले. सातव्या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं.

डब्यात एकशे अठ्ठावीस आवाज होते. त्यात पक्ष्याची किलबिल होती, समुद्राची लाट होती, टेलिफोन तर होताच, हेलिकॉप्टर होतं, टाळ्या होत्या, बंदुकीचा बार होता. पेडल स्टील गिटार नव्हती. बाईंनी रकाना रिकामा ठेवला आणि खाली सही केली.

सचिवांनी प्रकरण अत्यंत सहानुभूतीने हाताळलं. त्यांनी टिपण लिहिलं: ज्याअर्थी जगातील सर्व आवाज डब्यात आहेत, आणि ज्याअर्थी प्रस्तुत आवाज डब्यात नाही, त्याअर्थी प्रस्तुत आवाज झालेला नाही. न झालेल्या आवाजास शंभर गुण दिल्याबद्दल परीक्षकबाईंना घरी बसवण्यात आलं. मास्तरांना मात्र मंडळाने रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही. त्यांना चौदा वाद्यांचा एकत्रित परवाना मिळाला, सोनेरी किनारीचा. त्यावर 'साहित्य' या सदराखाली लिहिलं होतं: टेबल, नग एक.

आता मास्तर पुन्हा बागेतल्या हॉटेलात वाजवतात. मॅनेजरने टेबलक्लॉथ घातलाय. बायकोने तो तारांच्या जागी कापून शिवला म्हणून निभतंय. लोक बासरीची फर्माईश करतात, पियानोची करतात. मंगळवारी गर्दी नसते, त्या दिवशी मास्तर वायर काढून ठेवतात. एका मंगळवारी एक गृहस्थ मुद्दाम जवळ आले आणि म्हणाले, "वा! कितवं बटण हे?"

"हे बटण नाही. पेडल स्टील गिटार आहे."

"कमाल आहे. अगदी खऱ्यासारखी!" असं म्हणून त्यांनी हातातला कप टेबलक्लॉथवर ठेवला.

मंगळवारी कोपऱ्यातल्या खुर्चीवर परीक्षकबाई येऊन बसतात. त्यांनीच मास्तरांच्या वतीने मंडळाकडे अपील केलंय. मंडळ निष्ठुर नाही. त्याने अपील दाखल करून घेतलं आणि एकच अट घातली. 'सदर वाद्याचा आवाज कसा असतो, असे स्वतःहून विचारणाऱ्या किमान दोन व्यक्ती दाखवाव्यात.' बायको आणि मेहुणा नातेवाईक, म्हणून बाद. हॉटेलातली गिऱ्हाइकं बटणाचा नंबर विचारतात, म्हणून बाद. राहिल्या एकट्या बाई. म्हणजे एकच व्यक्ती कमी पडतेय.

त्या एका व्यक्तीसाठी अपिलाची फाईल उघडी ठेवून ही सगळी हकिगत आपल्याला पहिल्यापासून सविस्तर सांगितली. वाद्याला पाय किती, तारा किती, दांड्या कुठे, त्यावर कप किती, टेबलक्लॉथचं माप काय, हे सगळं आपण मजेने ऐकून घेतलंत, पाणबुड्यापाशी हसलातसुद्धा. त्याचा आवाज कसा असतो, याबद्दल सुरुवातीपासून इथपर्यंत एक अक्षरही आलेलं नाही, आणि आपण कुठेही थांबून विचारलं नाहीत. मंडळाने आज सकाळी पुन्हा मोजदाद केली. आकडा एकच आहे. फाईल बंद करण्यात येत आहे.